कडेला न लागलेली बाटली

माझा स्वभाव मुळातच संशयी. हॉटेलात गेले की पाण्याचा पेला उजेडात धरून बघते. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याच्या नखांकडे आधी लक्ष जातं, मग ताटाकडे. धाकटी बहीण म्हणते, "अक्का, तुझ्यासोबत जेवायला जाणं म्हणजे पंचनाम्याला जाणं." तिचं चूक नाही. नांदेडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून माझी सगळी नोकरी गेली. जंतू वाढवलेल्या नळ्या जिनं आयुष्यभर धुतल्या, तिला दुसरं काय दिसणार? पण एवढी संशयी मी, आणि जिथं संशय घ्यायचा तिथंच गाफील राहिले. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ही गोष्ट धाकटी बारावीला होती तेव्हाची. मी नांदेडला एका खोलीत, आई आणि ती लातूरला. लातूर तोवर शिकवण्यांचं गाव झालं होतं. गल्लीत दर दोन-तीन दारांआड 'मुलींसाठी रूम' अशी पाटी, सकाळी रस्त्यावर पाठीला दप्तरं लावलेल्या पोरांच्या सायकलीच सायकली. आईनं भाड्याच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मुलींना दिल्या होत्या आणि खाली मेस चालवत होती. उमरी, देवणी, कंधार अशा ठिकाणांहून आलेल्या नऊ मुली, धाकटी धरून दहा. सगळ्या आईला मावशी म्हणायच्या. मावशीच्या मेसचं नाव चांगलं होतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात, वरण घट्ट, आणि प्यायचं पाणी कधी संपत नाही. लातूरमध्ये ही शेवटची गोष्ट मोठीच होती. नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं आणि ते कधी येईल याचा नेम नसायचा.

पाणी संपायचं नाही ते आईच्या निळ्या ड्रममुळे. माणसाच्या छातीइतका उंच, प्लास्टिकचा, तोंडावर झाकण. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन विटांवर तो उभा असायचा. वापराचं पाणी मागच्या हौदात आणि प्यायचं या ड्रममध्ये. रोज सकाळी आई हौदातल्या दोन-तीन घागरी फडक्यातून गाळून ड्रममध्ये ओतायची, क्लोरीनचे थेंब टाकायची आणि झाकण लावायची. ड्रम अर्ध्याच्या खाली गेला की तिचा चेहरा उतरायचा. तो रिकामा झालेला मी कधीही पाहिला नव्हता.

त्यामागचं कारण मला माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही. भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला वसतिगृहात होते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. औसा तालुक्यातलं आमचं गाव दगडमातीखाली गेलं. आई आणि वर्षाची धाकटी वाचल्या. वडील, म्हणजे अप्पा, लगेच गेले नाहीत. कमरेपर्यंत ढिगाऱ्यात अडकलेले, ते सकाळी उन्हं वर येईपर्यंत बोलत होते आणि एकच मागत होते, पाणी दे. घरातली मडकी, घागरी सगळी फुटलेली. आई धाकटीला कडेवर घेऊन पाण्यासाठी गावभर फिरली. कुणाच्या तरी अर्ध्या तांब्यावर हात पडला, तो घेऊन ती आली, तेव्हा अप्पा संपले होते. हे आईनं मला सांगितलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी राहणाऱ्या काकूंनी सांगितलं, आणि तेही आई तिथं नसताना.

निळा ड्रम त्या शेडमध्येच मिळाला, मदतीतून. टँकर यायचा, आई रांगेत पहिली असायची. आरोग्यवाल्या बाईनं थेंबांची बाटली देऊन सांगितलं, एवढ्या पाण्याला एवढे थेंब, अर्धा तास थांबा, मग प्या. आईला शाळेचं वारं लागलेलं नव्हतं, पण हे तिनं असं पाठ केलं की पुढं कुणी विसरून पेला बुडवला तर ती हातावर चापट मारायची. शेडमधून नव्या गावात गेलो, तिथून धाकटीच्या शाळेपायी लातूरला आलो, ड्रम सोबत. सामान टेम्पोत चढवताना मी म्हणाले, आई, निदान पाणी तरी सांड. तिनं सांडलं, पण बुडाशी वीतभर ठेवलंच. तेवढं पाणी डुचमळत औसा ते लातूर आलं आणि मी टेम्पोवाल्यासमोर शरमेनं अर्धी झाले.

जानेवारीत धाकटीचं पोट पहिल्यांदा बिघडलं. दोन दिवस जुलाब, थोडा ताप, मग बरं. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी धाकटीलाच झापलं. बाहेर काय खाल्लंस? पाणीपुरी? ती म्हणाली, नाही ग अक्का. मी उमरीच्या मुलीला फोनवर घेऊन उलटतपासणी घेतली. ती बिचारी रडायला आली आणि एका भेळेची कबुली दिली, तीही दिवाळीतली. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीला जुलाब झाले, मग देवणीच्या मुलीला. गल्लीतल्या डॉक्टरांनी हसत गोळ्या दिल्या. म्हणाले, "परीक्षेचं पोट आहे. टेस्ट आली की निम्म्या लातूरचं पोट बिघडतं." शिकवणीतले सरही तेच म्हणायचे. मुलींनीही ते मानलं होतं. सराव परीक्षेच्या सकाळी कुणी संडासाकडे पळाली की बाकीच्या म्हणायच्या, हिला फिजिक्स लागलं. पोटाला कळ येणं हे तिथं अभ्यास नीट चालल्याचं लक्षण झालं होतं.

मला ते पटलं नाही. भीतीनं पोट बिघडतं हे खरं, पण भीतीनं ताप येत नाही. मनात आलं, पाणी. आईच्याही मनात तेच आलं असावं, कारण देवणीच्या मुलीच्या आजारापासून ती प्यायचं पाणी उकळायला लागली होती. दहा जणींचं पाणी, मोठ्या पातेल्यात, दोनदा. स्वयंपाक उशिरा व्हायचा, पण ती उकळायची.

शनिवारी मी लातूरला गेले, सोबत कॉलेजातून आणलेली निर्जंतुक बाटली. पाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे मी शेकडो मुलांना दाखवलेलं आहे. बाटलीत क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं हवं, नाहीतर जंतू वाटेतच मरतात आणि पाणी खोटंच स्वच्छ निघतं. ते मी घातलं होतं. हात साबणानं धुवायचे, बूच आतल्या बाजूनं धरायचं नाही, बाटली पाण्यात खोल न्यायची. आणि एक नियम मी मुलांना ओरडून सांगायचे: बाटली भांड्याच्या कडेला लागता कामा नये. कडेची घाण आत गेली तर नमुना पाण्याचा राहत नाही. मी हात कोपरापर्यंत आत घातला, बरोबर मधोमध, कुठंही न लागता, आणि भरलेली बाटली वर काढली. आई बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा असा अभिमान मी क्वचितच पाहिला असेल.

सोमवारी नांदेडला नळ्यांमध्ये ते पाणी घातलं. अशा नळीत एक छोटी नळी उलटी ठेवलेली असते. आतड्यातले जंतू असले तर ते वायू सोडतात आणि छोट्या नळीत बुडबुडा धरतो. दोन दिवस मी जाता-येता बघत होते. एकाही नळीत बुडबुडा नाही. मला इतका आनंद झाला की मी मधल्या सुट्टीत जाऊन फोन केला. "आई, पाणी एकदम चांगलं आहे. उकळायची गरज नाही. बाहेरचं खाणं तेवढं बंद कर."

तिनं विचारलं, "नक्की ना ग?"

"मी तपासलंय ना."

त्या दिवसापासून तिनं पाणी उकळणं बंद केलं. मुलींच्या घरूनही फोन आले होते, त्यांनाही तिनं सांगितलं, माझी मोठी पोरगी लॅबमधी हाय, तिनं तपासून दिलंय. माझ्या एका वाक्यावर दहा घरं निश्चिंत झाली.

फेब्रुवारीच्या मध्यावर, बोर्डाची परीक्षा दहा-बारा दिवसांवर असताना, मी प्रयोगशाळेत नळ्या धूत होते. आमच्या विभागाच्या मॅडम तेव्हा मुलांना एक प्रयोग शिकवत होत्या. जंतू फक्त पाण्यात तरंगतात ही समजूत चुकीची, असं त्या सांगायच्या. तरंगणारा जंतू भिंतीला धडकतो आणि अंगावरच्या बारीक तंतूंनी तिला धरतो. आधी ढिला धरतो, सुटूनही जातो. सुटला नाही तर तिथंच त्याची पिल्लावळ होते आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट पदार्थ सोडतात. त्या चिकट्यात त्यांचं घर होतं, थरावर थर. याला त्या बायोफिल्म म्हणायच्या. मुलांना दाखवण्यासाठी त्या जंतू वाढवलेली नळी ओतून टाकत, पाण्यानं दोन-तीनदा विसळत, मग जांभळा रंग घालून पुन्हा विसळत. नळी रिकामी, स्वच्छ दिसायला हवी. पण जिथं पाण्याची पातळी होती तिथं एक जांभळं कडं राहायचं. मुलं वाहवा करायची आणि ती कडी घासून काढायचं काम माझ्याकडे यायचं. नुसत्या पाण्यानं जायची नाहीत, औषधात भिजवली तरी जायची नाहीत, ब्रश घालून अंगठा दुखेपर्यंत घासावं लागायचं. मी मनातल्या मनात मॅडमच्या विज्ञानाला शिव्या घालायचे.

तशीच एक नळी हातात असताना शिपाई आला, लातूरहून फोन आहे म्हणाला. कंधारची मुलगी बोलत होती. "अक्का, तुमच्या बहिणीला दवाखान्यात ठेवलंय. काल सकाळपासून वीस-पंचवीस वेळा गेली. उभं राहता येईना झालंय. मावशी काही बोलंनात."

बसमध्ये चार तास मी काय विचार केला ते सांगता येणार नाही, कारण विचार एकच होता. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मला धाकटीचं आताचं तोंड आठवत नव्हतं. शेडमध्ये वर्षा-दीड वर्षाची असताना पत्र्याच्या भिंतीला धरून उभी राहायची, तेच सारखं डोळ्यांपुढं येत होतं. एक घर आधीच गेलेलं असलं की दुसऱ्याबद्दल भीती साधी राहत नाही. मी शेजारच्या बाईला दोनदा विचारलं, लातूर किती लांब आहे, आणि दोन्ही वेळा तिचं उत्तर ऐकलं नाही.

दवाखान्यात धाकटीला सलाइन लावलेलं होतं. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, बोटांची कातडी धुण्याच्या दिवशी आईची व्हायची तशी सुरकुतलेली. मला बघून म्हणाली, "अक्का, बायोलॉजीचे दोन धडे राहिलेत." मी म्हणाले, गप्प पड. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली, पाणी भरून येईल, पण सारखं सारखं होतंय तर आतडी थकतात, कारण शोधा. आई कॉटच्या पायाशी भिंतीला टेकून उभी होती. हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला. तो तिनं खाली ठेवलाच नाही, नर्सनं सांगून झालं, मी सांगून झालं.

मुलींचं जेवण बघायला मी घरी आले. तहान लागली होती, म्हणून ड्रमचं झाकण काढलं. पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली गेलेलं, कारण दोन दिवस आईनं त्यात भर घातली नव्हती. दांड्याचं ओगराळं खाली पोचेना म्हणून मी वाकून हात आत घातला आणि तोल जाऊन माझा पंजा ड्रमच्या भिंतीला टेकला. तो घसरला. भिंत बुळबुळीत होती, चिरलेल्या भेंडीसारखी. हात बाहेर काढून उजेडात धरला. बोटांवर पिवळट, चिकट काहीतरी होतं. पुन्हा आत बघितलं तर जिथं एरवी पाण्याची पातळी असते तिथं ड्रमभर एक काळपट कडं होतं.

मी तिथं उभी राहिले आणि मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, बाटली कडेला लागता कामा नये. नियम बरोबर होता, मीही बरोबर केलं होतं. पाणी तपासायचं होतं आणि मी पाणीच तपासलं. मधलं पाणी, ज्यात आईनं माझ्यासाठी तासभर आधी थेंब टाकलेले. तरंगणारे मेलेले होते. भिंतीवरचे कुठं मेले? थेंबांचा जोर वरच्या थरावर संपतो आणि खालचे निवांत राहतात. मग कधीतरी ओगराळ्याचा धक्का लागून थराचा एखादा तुकडा सुटतो आणि एखाद्या पोरीच्या पेल्यात जातो. म्हणून तर एका वेळी सगळ्या आजारी पडत नव्हत्या, आज ही आणि आठ दिवसांनी ती. हे सगळं मला माहीत होतं. ती कडी मी रोज घासत होते. माझ्या तोंडून "पाणी चांगलं आहे" गेलं नसतं तर आई पाणी उकळत राहिली असती.

मी मुलींना ड्रमला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि पातेलं चुलीवर चढवलं. पिशवीत निर्जंतुक कापूस लावलेल्या दोन काड्या होत्या, निघताना सवयीनं टाकलेल्या. एक काडी त्या कड्यावरून फिरवली आणि नळीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला जरा बरं बघून निघाले. नळी गार राहावी म्हणून बसस्टँडसमोरच्या सरबतवाल्या चाचांनी माझ्या थर्मासात बर्फ भरून दिला. काय आहे विचारलं, मी म्हणाले औषध. "संभाल के लेके जाव बेटी," असं म्हणून त्यांनी झाकण स्वतः घट्ट लावलं. त्यांच्याशी खोटं बोलल्याचंही मला वाईट वाटलं.

काचेच्या बशीत जंतू वाढवायच्या लालसर खाद्यावर मी ती काडी ओढली. दुसऱ्या दिवशी बशी गुलाबी ठिपक्यांनी भरलेली होती, इतकी दाट की मोजता येईनात. मॅडमनी बघितली. मी सगळं सांगितलं, माझ्या बाटलीसकट. त्यांनी बशी पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाल्या, "हे आतड्यातलेच दिसतात. यातले रोग करणारे कोणते ते आपल्या प्रयोगशाळेत कळायचं नाही. पण प्यायच्या ड्रमच्या भिंतीवर यांचं काय काम? नळाची पाइप गटारातून जाते का?" जात होती. लातूरच्या त्या गल्लीत पाइप आणि गटार शेजारीशेजारी नव्हते, एकमेकांत होते. पाणी बंद असलं की पाइप बाहेरचं आत ओढते, हे मॅडमनीच सांगितलं. एकदा कधीतरी आत आलेले जंतू ड्रममधल्या वर्षानुवर्षांच्या थरात जाऊन बसले होते आणि आम्ही त्यांना रोज वरून ताजं पाणी घालत होतो. त्या म्हणाल्या, "कडेला लागू नये हे मीच तुला शिकवलं." त्यांनी ते माझा भार हलका करायला म्हटलं असेल, पण तो झाला नाही.

शुक्रवारी मी परत लातूरला गेले. धाकटीला दुसऱ्या दिवशी सोडणार होते. परीक्षेला आठवडा राहिलेला. दवाखान्यातून आईला घरी घेऊन आले, ड्रमसमोर बसवलं आणि म्हणाले, "आई, हा रिकामा करावा लागेल."

"थेंब जास्ती टाकते की."

"थेंब पाण्याला लागतात. भिंतीला चिकटलेल्यांना लागत नाहीत." मी तिचा हात धरून ड्रमच्या आत नेला आणि कडेवर टेकवला. तिनं बोटं फिरवली. हात बाहेर काढून चोळून बघितला, वास घेतला. "आधी एखाददुसरा येऊन चिकटतो," मी सांगितलं, "मग तिथंच वाढतात, वरून पांघरूण घेतात. मग हलत नाहीत."

आई म्हणाली, "शेडमधी बी आपण चार दिसासाठीच गेलतो." आणि फडक्यानं हात पुसायला लागली.

मला वाटलं झालं, पटलं. पण ती उठून झाकण लावायला लागली. "परीक्षा होऊ दे पोरींची. मग बघू. नळ कवा येतोय न्हाई येतोय. एवढं पाणी सांडायचं म्हणजे..."

"आई, याच्यानंच ती आजारी पडली."

"उकळून देते. पर रिकामा न्हाई करायचा."

"घासायचा तर आडवा पाडावाच लागतो. दिवसभर उन्हात वाळवावा लागतो. कोरडा झाल्याशिवाय ते मरत नाहीत."

"दिवसभर? घरात दिवसभर पाणी न्हाई? आन् कुणी मागितलं तर?"

मी चार दिवस झोपले नव्हते, हे मी कारण म्हणून सांगत नाही. मी ओरडले, "तेव्हा ड्रम भरलेला असता तरी अप्पा वाचले नसते. दगड होते अंगावर. पाण्यावाचून नाही गेले ते."

सोळा वर्षांत हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. वर जिन्यात मुलींचा आवाज बंद झाला. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. झाकण घट्ट दाबत म्हणाली, "वाचले नसते, ठाव हाय मला. मी बघितलं ना दगडं, तू न्हाईस बघितलीस." मग भाकरीचं पीठ काढायला आत गेली. मी नांदेडच्या वसतिगृहात धडधाकट होते, हे ती मला कधी बोलून दाखवत नसे. त्या दिवशीही तिनं तेवढंच दाखवलं, पण मला पुरलं.

शनिवारी सकाळी मी धाकटीला आणायला दवाखान्यात गेले. तिचं वजन एवढं उतरलं होतं की रिक्षात चढवताना मी तिला जवळजवळ उचललीच. घरी आलो तर अंगणातून गटाराकडे पाण्याचा ओघळ गेलेला. ड्रम अंगणात आडवा पडला होता, तोंड उन्हाकडे. आई गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत आत शिरली होती आणि काथ्याच्या जाड कुंच्यानं खरवडत होती. उमरीची आणि कंधारची मुलगी मागून हौदाचं पाणी ओतत होत्या. दुसऱ्या वेळी तिनं ब्लीचिंग पावडर लावून घासलं, डोळ्यांतून पाणी येत होतं. आतून जे बाहेर येत होतं ते बघून देवणीच्या मुलीनं तोंडाला ओढणी लावली. चार वेळा घासून, चार वेळा धुवून आई उठली. पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "बघ हात घालून." मी हात घातला. भिंत खरबरीत लागली, प्लास्टिकवरचे ओरखडे हाताला कळत होते. त्या ओरखड्यांतही काही राहतं हे मला माहीत होतं, म्हणून पुढं तो ड्रम प्यायच्या पाण्याला वापरायचा नाही असं मी ठरवलं होतं. ते तेव्हा बोलले नाही. एका दिवसात तिच्याकडून तेवढंच पुरे होतं.

ड्रम दिवसभर उन्हात राहिला. आम्ही जेवलो, मुली शिकवणीला गेल्या. आईनं दुपारची कामं टाकली आणि अंगणात, ड्रमच्या शेजारी, पोत्यावर बसून राहिली. मांडीवर उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या होता, वर वाटी झाकलेली. दोन्ही हातांनी तिनं तो धरला होता. मी म्हणाले, आई, आत चल, ऊन लागेल. ती म्हणाली, असू दे. ती रिकाम्या ड्रमकडे बघतही नव्हती, गल्लीकडे बघत होती. मग माझ्या लक्षात आलं की घरात दुसरं प्यायचं पाणी नाही आणि जे आहे ते तिनं हातात घेतलेलं आहे.

धाकटी दारात बाजेवर पडून बायोलॉजी वाचत होती. तीनच्या सुमाराला तिनं पुस्तक पोटावर ठेवलं आणि न बघताच म्हणाली, "आई, पाणी दे."

आई इतक्या चटकन उठली की वाटी खाली पडून अंगणभर गडगडत गेली. तिनं तांब्या धाकटीच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हातानं तिची मान धरली. धाकटी म्हणाली, "अगं, मी धरते ना." आईनं सोडला नाही. धाकटी सगळं पाणी प्यायली. आईनं तांब्यात वाकून बघितलं, तो रिकामा होता, आणि ती तो घेऊन पुन्हा पाणी उकळायला आत गेली.